'मीरा' म्हणजे नुसती गाण्यांची तबकडी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत संतपटांवरचा लेख आला तो मी दोनदा वाचला. लेख चांगलाच होता, प्रभातच्या 'संत तुकाराम'बद्दल, 'संत सखू'बद्दल अगदी मनापासून लिहिलंय, पण शेवटी दक्षिणेकडे वळल्यावर लेखकाने एका वाक्यात विषय संपवून टाकला, की १९४५ चा तमिळ 'मीरा' म्हणजे त्यात मीरा झालेल्या गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मींची गाणी, सिनेमा म्हणून त्यात फारसं काही नाही. ते वाचल्यावर मला राहवेना म्हणून लिहायला बसले. पत्र लांबणार आहे हे माहितीये, जागेसाठी कापायचं तर खुशाल कापा, फक्त आंडाळचा भाग तेवढा ठेवा.

मी माटुंग्यात वाढले. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यातली तीन तमिळ. समोरच्या मामींकडे मी शाळेतून आल्यावर जायची, कारण आई नोकरीला, आणि मामी मला वाटीसारख्या डवऱ्यात कॉफी द्यायच्या, लहान मुलांना कॉफी देऊ नये वगैरे त्यांच्याकडे नव्हतंच. दुपारी भांडी आवरताना त्या एकच गाणं गुणगुणायच्या, 'काट्रिनिले वरुम गीतम'. म्हणजे वाऱ्यावरून येणारं गीत. मला शब्द कळायचे नाहीत पण चाल इतकी आत जाऊन बसली की आजही सकाळी केर काढताना माझ्या तोंडात तीच येते. हे गाणं 'मीरा'तलं आणि लिहिलंय कल्कींनी, तेच कादंबरीकार कल्की, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आणि मामींनी हा सिनेमा लग्नाआधी गावाकडच्या थिएटरात तीनदा पाहिला होता, एकदा तर आजीला घेऊन, हेही तेव्हाच कळलं. त्या मला सिनेमाची गोष्ट सांगायच्या, गाण्यांची नाही. राणा कसा दरबारात वाट बघत बसतो, आणि शेवटी द्वारकेला देवळाची दारं कशी उघडतात. दारं उघडतात हे सांगताना त्या हातातलं भांडं खाली ठेवायच्या.

म्हणून मला जास्त लागलं. तमिळ प्रेक्षकांसाठी ती गोष्ट होती आणि आपल्यापर्यंत पोचताना तिची फक्त गाणी उरली. मध्यंतरी आमच्या भागात एका संस्थेने 'मीरा' दाखवणार म्हणून जाहिरात केली, मी आणि मामींची मुलगी दोघी मुद्दाम गेलो, ती आता साठीला आलीये. तर तिथे हिंदी आवृत्ती लावलेली. ठीक आहे, तीही बघू म्हटलं, पण मग गाणं संपलं की पुढचा प्रसंग पळवायचे आणि थेट पुढच्या गाण्यावर न्यायचे, का तर लोकांना गाणीच ऐकायची असतात म्हणे, आणि शेवटचं द्वारकेचं यायच्या आधी हॉलची वेळ संपली म्हणून बंदच केलं. मामींची मुलगी काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, अम्माला दारं उघडतात तेच आवडायचं.

आता सिनेमाबद्दल. गोष्ट राजस्थानची, मीराबाईंची, आपल्याला माहीत असलेलीच. पण तमिळ 'मीरा'त लहानग्या मीरेच्या मनात कृष्ण शिरतो तो आंडाळच्या गोष्टीतून. आंडाळ म्हणजे श्रीविल्लिपुत्तूरची, बारा आळवारांमधली, म्हणजे तमिळ विष्णुभक्त संतांमधली, एकटी बाई. देवासाठी केलेला हार ती आधी स्वतः घालून बघायची आणि मग देवाला जायचा, आणि तिने हट्ट धरला की लग्न करीन तर रंगनाथाशीच, आणि शेवटी श्रीरंगमला गाभाऱ्यात जाऊन ती देवात मिसळून गेली अशी कथा आहे. तिच्या तिरुप्पावैच्या ३० कडव्यांपैकी रोज एक अशी मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या धनुर्मासात, तमिळ घरांतून पहाटे म्हटली जातात. माटुंग्यात मी ती थंडीत पांघरुणात पडल्या पडल्या ऐकलीयेत. तर कल्की आणि मंडळींनी काय केलं, मेवाडच्या राणीच्या डोळ्यांपुढे ही तमिळ पोर ठेवली. मीरेला आंडाळची गोष्ट भावते आणि तीही कृष्णाला हार घालून त्याला नवरा मानते. इतिहासाच्या काट्यावर हे कुणी तोलू नये. मदुरै तंजावूरच्या बाईला मीरा परकी वाटू नये म्हणून केलेलं हे किती शहाणपणाचं काम आहे बघा. मामींची आजी थिएटरात बसली होती तिला चित्तोड कुठे आहे काय माहीत, पण हार घातला म्हणजे लग्न झालं हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्याने हा सिनेमा गाणी सोडून बाकीचं पळवत पळवत पाहिलाय त्याला ही गोष्ट दिसणारच नाही.

छोटी मीरा जी झालीये ती राधा, निर्माते सदाशिवम यांची मुलगी, पुढे आयुष्यभर एम. एस. च्या मागे बसून त्यांच्याबरोबर गायली तीच. आणि गाणं चालू असतानाच ही छोटी मीरा मोठी होते, गाणं एकीने सुरू केलेलं दुसरीने पुढे नेलेलं, आणि समोर एम. एस. आज हे आपण हजार वेळा बघितलंय, गाण्यात पोरगं धावता धावता हिरो होतो, पण इथे ते ज्या शांतपणे होतं ना, भक्ती वयाबरोबर बदलली नाही फक्त आवाज भरला, एवढंच सांगितलंय, आणि तेही एका शब्दाने न सांगता.

मग राणा. हा माझ्या मते सिनेमाचा खरा जीव आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही. राणाचं काम चित्तूर व्ही. नागय्यांनी केलंय. तेलुगू लोकांसाठी नागय्या म्हणजे पोतना, त्यागराज, वेमना, म्हणजे आपल्याकडे विष्णुपंत पागनीस म्हटलं की तुकाराम तसं. असा संत साकारणारा माणूस इथे संतबाईचा नवरा झालाय. आणि हा नवरा दुष्ट नाही. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, ती म्हणते म्हणून तो चित्तोडला कृष्णाचं देऊळ बांधून देतो, आणि मग ज्या देवळासाठी त्याने दगड आणवले त्याच देवळात ती राहते, घरी येतच नाही. विजयादशमीच्या दरबाराला राणी पाहिजे, सगळे सरदार बसलेत, आणि ती येत नाही. घरातली माणसं तिला विष द्यायला निघतात, आणि राणा स्वतः एका क्षणी देऊळ पाडायला तोफा लावायच्या गोष्टी करतो. म्हणजे ज्या हातांनी बांधलं त्याच हातांनी. तुकोबाच्या सिनेमात आपण आवलीवर जीव लावतो की नाही, संत मोठा खरा पण घरात पीठ नाही, पोरं उपाशी, तिने काय करायचं हा प्रश्न त्या सिनेमाने झाकला नाही म्हणूनच तो मोठा झाला. राणा हा 'मीरा'तली आवली आहे. लेखकाने आवलीवर दोन परिच्छेद लिहिले, फार सुंदर लिहिले, मग राणाकडे बघायला काय हरकत होती.

दिग्दर्शक कोण तर एलिस आर. डंगन, अमेरिकन माणूस, ओहायोचा. १९३५ मध्ये भारतात आला, तमिळ येत नव्हतं आणि तरी एकामागून एक तमिळ सिनेमे केले. एमजीआर, म्हणजे पुढे मुख्यमंत्री झालेले तमिळ नट, त्यांचा पहिला सिनेमा 'सती लीलावती' यानेच केला, १९३६ ला, आणि 'मीरा'तही एमजीआर एका छोट्या कामात आहेत. भाषा न येणारा माणूस भक्तिपट काय करणार असं वाटतं ना. मला उलट वाटतं, शब्द कळत नव्हते म्हणूनच तो चेहऱ्याकडे इतकं नीट बघत राहिला. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. शूटिंगच्या आधी त्याने एम. एस. च्या चेहऱ्याचा प्लास्टरचा अर्धपुतळा करून घेतला आणि तो आणि कॅमेरामन जितेन बॅनर्जी त्या पुतळ्यावर वेगवेगळ्या बाजूंनी दिवे टाकून बघत बसले, वरून टाकला तर डोळ्यांखाली सावली कशी पडते, बाजूने टाकला तर नाकाची रेघ कशी दिसते, कुठला कोन चालतो कुठला नाही. बाई अजून सेटवर यायच्यात आणि यांचा चेहऱ्याचा अभ्यास झालेला. आपल्याकडे मूर्तिकार शाडूचा गणपती करताना डोळे शेवटी काढतो, आणि दिवा जवळ धरून बघतो, त्याची मला आठवण येते. ते सगळं पडद्यावर उतरलंय. एम. एस. अभिनय असा काही करत नाहीत, त्या बघतात. मान किंचित वर, डोळे समोरच्या माणसाच्या पलीकडे कुठेतरी, आणि चेहऱ्यावर तो उजेड. नटी म्हणून तेवढंच पुरलंय. खराब प्रिंटमध्ये मात्र चेहरा पिठासारखा पांढरा होतो आणि पुतळ्यावरची ती सगळी मेहनत वाया जाते, उरतो फक्त आवाज, मग लोक म्हणणारच की गाणीच आहेत.

आणि हे सगळं कधी चाललंय तर दुसरं महायुद्ध चालू असताना. कच्च्या फिल्मवर सरकारचं नियंत्रण होतं, सिनेमा ११,००० फुटांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, म्हणजे साधारण दोन तास. त्याआधी तमिळ सिनेमे लांबच लांब असायचे आणि गाणी डझनांनी. इथे हात आखडून बसवायचं, तरी ही मंडळी जयपूर, उदयपूर, चित्तोड, वृंदावन, द्वारका अशी प्रत्यक्ष जागी जाऊन शूटिंग करून आली. मद्रासच्या स्टुडिओत पुठ्ठ्याचा महाल उभा करून भागलं असतं, लोकांनी तेही पाहिलं असतं. ३ नोव्हेंबर १९४५ ला, दिवाळीच्या दिवसांत, सिनेमा लागला. युद्ध नुकतं संपलेलं. आधीच मोजून मापून दोन तासांत बसवलेल्या सिनेमातून आपण अजून पळवायचं म्हणजे अन्याय आहे हो.

आपल्या मराठी वाचकांना हा सिनेमा लांबचा वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते. 'मीरा'ची बरीच गाणी लिहिणारे पापनासम शिवन, तमिळ कीर्तनांचे एवढे मोठे रचनाकार, त्यांचा सिनेमात शिरकाव कुठून झाला माहितीये का, आपल्या कोल्हापुरातून. 'सीता कल्याणम' नावाचा तमिळ सिनेमा तीसच्या दशकाच्या सुरुवातीला प्रभातच्या कोल्हापूरच्या स्टुडिओत तयार झाला, दिग्दर्शन बाबूराव पेंढारकरांचं, राम आणि सीतेच्या कामात एस. राजम आणि एस. जयलक्ष्मी ही सख्खी भावंडं, आणि संगीताला शिवन. म्हणजे शिवनांची गाणी सिनेमात आली ती पंचगंगेच्या काठाने.

दुसरी गोष्ट शांता आपटेंची. 'कुंकू'वाल्या. १९४१ मध्ये तमिळ 'सावित्री' आला त्यात सावित्री शांताबाई आणि नारद कोण तर एम. एस. पुरुषवेषात. शांताबाईंनी त्यासाठी तमिळ शिकून घेतलं. आणि त्या सिनेमातून एम. एस. ना जे पैसे मिळाले त्यावर त्यांचे यजमान सदाशिवम आणि कल्कींनी 'कल्कि' साप्ताहिक सुरू केलं. नंतर याच तिघांनी मिळून 'मीरा' घडवला. आपल्या शांताबाई या गोष्टीत आहेत, अगदी पायाशी आहेत, आणि आपल्याच लेखात त्यांचं नाव नाही याचं मला फार वाईट वाटलं.

अजून एक सांगायचंय आणि ते सांगताना मी जरा जपून लिहितेय. एम. एस. या आद्याक्षरांमधला एम म्हणजे मदुरै आणि एस म्हणजे षण्मुखवडिवु, त्यांच्या आईचं नाव. वडलांचं नाही. आई वीणा वाजवायच्या, घराणं देवदासींचं. त्या काळात अशा घरातल्या मुलीकडे समाज कसा बघायचा हे आपल्याला सांगायला नको. म्हणून पडद्यावर ती मुलगी राजवाड्यातून बाहेर पडते, दागिने सोडते, लोक काय म्हणतील ते म्हणोत देवळात जाऊन बसते, तेव्हा मला मीरेपेक्षा आपली कान्होपात्रा दिसते. मंगळवेढ्याची, शामा नायकिणीची मुलगी. बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा ती पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिथेच तिने देह ठेवला. कान्होपात्रा बालगंधर्वांनी रंगभूमीवर गायली, मास्टर कृष्णरावांच्या चाली, आमच्या आजीने पाहिलं होतं, ती त्या शेवटच्या प्रवेशाला डोळे पुसायची असं आई सांगायची. मामींची आजी द्वारकेच्या दारांपाशी रडली आणि माझी आजी पंढरपूरच्या दारात, आणि या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, एकीला दुसरीची भाषा आली नसती. बाईला देवाच्या दारातच काय तो आसरा, हे दोघींनाही नाटक सिनेमा न बघता आधीच माहीत असणार.

'मीरा'नंतर एम. एस. नी सिनेमात काम केलं नाही. तमिळनंतर हिंदी आवृत्ती १९४७ मध्ये आली, त्यात सुरुवातीला सरोजिनी नायडू स्वतः पडद्यावर येऊन एम. एस. ची ओळख करून देतात, हिंदी गाण्यांना पंडित नरेंद्र शर्मांचा हात. उत्तरेत त्यांचं नाव झालं ते या हिंदी 'मीरा'ने. गांधीजींच्या १९४७ च्या वाढदिवसासाठी 'हरि तुम हरो जन की पीर' त्यांनी मद्रासला रेडिओवर रेकॉर्ड करून दिल्लीला पाठवलं, आणि पुढच्या ३० जानेवारीला बातमीनंतर तेच रेडिओवर वाजलं, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मीरेचंच पद ते. मी हिंदी आवृत्तीला वाईट म्हणत नाहीये. पण हिंदीत मीरा परत मीरेच्या पदांकडे गेली आणि तमिळमध्ये ती नव्या शब्दांत बोलली, कल्कींच्या आणि शिवनांच्या, आणि तमिळ ही तर एम. एस. ची मायबोली. शब्द तोंडात वेगळे पडतात. 'काट्रिनिले' म्हणताना तो 'ट्र' जिभेवर जरा थांबतो ना, तिथे वारा खरंच येतो. मला एवढ्या वर्षांनी तमिळ थोडंफार कळतं, पण कळत नव्हतं तेव्हाही तो वारा यायचा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की हा सिनेमा तमिळमध्ये, अखंड, मिळेल त्यातल्या त्यात बऱ्या प्रिंटवरून आणि मराठी सबटायटल्ससकट कुणीतरी दाखवावा. पुण्यात तर प्रभातच्याच जुन्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जवळच सरकारी फिल्म संग्रहालय आहे, मुंबईत फिल्म सोसायट्या आहेत, माटुंग्यात षण्मुखानंद आहे जिथे एम. एस. स्वतः गायल्यात. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास', १९३१ चा, त्याची प्रिंट आज बघायला मिळत नाही, गेला तो गेला. 'मीरा' हाताशी आहे तोवर नीट बघून घेऊया.

सबटायटल्स कोण करणार असं कुणी म्हणेल. मामींची मुलगी आणि मी, आम्ही दोघींनी गेल्या पावसाळ्यात बसून सिनेमातल्या सात गाण्यांचा आणि राणाच्या बऱ्याचशा संवादांचा मराठीत अर्थ लावलाय, दोनशे पानी वहीत, तिने सांगायचं मी लिहायचं, जिथे अडलं तिथे तिने मद्रासला मावशीला फोन केला. 'मणाळन' या शब्दाला नवरा म्हणायचं की वर की नाथ यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. शेवटी 'नाथ' ठेवलंय. ज्या कुठल्या संस्थेला, कॉलेजला, सोसायटीला हवं असेल त्यांना ही वही तशीच्या तशी देऊ, पैसे नकोत, नाव नको. तुमच्या कार्यालयात कळवलंत तर मी येऊन देऊन जाईन. फक्त एक अट, द्वारकेचा प्रसंग पूर्ण दाखवायचा, दारं उघडेपर्यंत हॉल बंद करायचा नाही.

आपली,
एक नियमित वाचक
माटुंगा, मुंबई